न घेतलेलं नाव

ताई,

तुमच्या शोकसभेचा माईक माझाच होता. दुसऱ्या कुणाचा लावू दिला नसता. पाच वक्ते झाले. तुम्ही कुठे शिकलात, नोकरी किती वर्षं केलीत, बदल्या कुठे कुठे झाल्या, सगळं सांगून झालं आणि त्यातलं निम्मं चुकीचं होतं. एका पुढाऱ्यानं तर तुम्हाला रेडिओवरच्या थोर गायिका करून टाकलं. मी हळूहळू त्याचा आवाज कमी करत नेला. मागच्या रांगेला काही ऐकू येईना, तरी गडी आपला बोलतच होता. तुम्ही असतात तर तोंडाला पदर लावून हसला असतात, आणि सभा संपल्यावर मला फैलावरही घेतलं असतंत.

त्या पाचही जणांना एक गोष्ट माहीत नव्हती. माझ्या माहितीत तुम्ही एकदाच खोटं बोललात, आणि तेही माझ्यासाठी. त्याबद्दल मी तुमच्याशी कधी एक शब्द बोललो नाही. तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि आता मी लिहायला बसलोय. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

आपली पहिली भेटही लग्नातलीच. मी बाळापूरचा, मंडप आणि माईकचा धंदा अकोल्यात. आपल्याकडे खेड्यातल्या लग्नात आहेर माईकवर पुकारतात, कोण, कुठला, किती. ते पुकारणं ही माझी खासियत होती. एक्कावन्न रुपये सपाट वाचायचे. पाचशे एकच्या मागे ‘खास’ लावायचं. त्याच्या वर कुणी गेला की पाहुण्याचं नाव दोनदा घ्यायचं आणि गावाचं नाव चांगलं लांबवायचं. पंगतीतले लोक घास हातात धरून ऐकत. तुम्ही जेवून उठलात आणि सरळ माझ्या टेबलाशी आलात.

“आवाज चांगला आहे तुहा,” तुम्ही म्हणालात, “पण तू माणसाले रुपयानं हाका मारतो.”

मला राग आला. मी म्हणालो, “बाई, चिठ्ठीत लिहून येते तेच पुकारतो. तुमचा किती आहे सांगा, तुमचाबी पुकारतो.”

“माहा नको पुकारू. मले तुह्यापाशी काम आहे.”

ते काम म्हणजे तुमचा ‘सांगून राहिली’ हा कार्यक्रम. पॉडकास्ट हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. मला वाटलं, पॉलीहाऊससारखं शेतीतलंच काहीतरी नवीन निघालं असेल. मोबाईलवर ऐकायचा कार्यक्रम, ज्याला पाहिजे त्यानं पाहिजे तेव्हा ऐकावा, एवढं तुम्ही समजावलंत. आणि त्यात बोलणार कोण, तर वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या घरच्या बाया.

ती वर्षं कशी होती ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. कधी बोंडअळी, कधी पावसाचा खंड, आणि पीक आलंच तर भाव नाही. गावात कॅमेरे यायचे ते एखाद्या घरचा माणूस गेल्यावर. बाईला चुलीपाशी बसवायचे, रडली की निघून जायचे. तुम्हाला त्याची चीड होती. “मेल्यावर इचारणारे लय येतात,” तुम्ही म्हणायच्या, “जित्या बाईले कोण इचारते?” म्हणून तुम्ही विचारायला निघालात. यंदा काय पेरायचं हे घरात कोण ठरवतं, हात आखडता घ्यावा लागला की ताटातलं आधी काय जातं, राग आला की तू कुठे जाऊन बसतेस. असले प्रश्न. त्यांची उत्तरं ऐकून माझ्यासारखा बोलका माणूस मुका व्हायचा.

खरं तर सुरुवातीला मी मुका राहत नव्हतो. तुम्ही प्रश्न विचारून गप्प बसायच्या आणि माझा जीव वरखाली व्हायचा. आमच्या धंद्यात माईक गप्प म्हणजे वायर तुटली. परतवाड्याच्या बाजारात एका भाजीवालीला तुम्ही काहीतरी विचारलंत, ती खाली बघून वांगी चाळवत राहिली, बराच वेळ गेला, आणि मी कानाला हेडफोन लावलेला, न राहवून म्हणालो, “हॅलो, चेक, चेक.” तुम्ही माझ्याकडे जे पाहिलंत! त्यानंतर रेकॉर्डिंग चालू असताना मी कधी खोकलोसुद्धा नाही. त्या भाजीवालीनं पुढे जे सांगितलं ते ऐकून मी घरी गेलो आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला पहिल्यांदा विचारलं, की तुला माझा हा धंदा आवडतो का. ती नाही म्हणाली. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

मग गाडी अडली. तुमच्या पेन्शनीत अमरावतीचं घर चालायचं, वर आपली बसभाडी कुठून चालणार? मी म्हणालो, ऐकणाऱ्यांना मागू. आठ दिवस तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत.

“मागायचं? अन् कोणाले? ज्याच्या वावरात यंदा काही झालं नाई, त्यालेच?”

“ताई, गावात मंदिराचा कळस चढते, मशिदीले रंग देतात, तवा कोणी म्हणते काय, यंदा पिकलं नाई म्हून देत नाई? देणाऱ्याले तुमी काहून गरीब समजता?”

तुम्ही उठून चहा टाकायला गेलात. आपल्या सगळ्या भांडणांत मी जिंकलेलं हे एवढंच, म्हणून चांगलं लक्षात आहे. पुढच्या भागाच्या शेवटी तुम्ही इतक्या हळू आवाजात मदत मागितलीत की मला ती एडिट करताना मोठी करावी लागली. पण लोकांनी ऐकलं. मोबाईलवरून थोडंथोडं यायला लागलं. बाळापूरच्या एका म्हाताऱ्यानं अर्धं पोतं तूर एसटीनं पाठवली. एका कंडक्टरच्या बायकोनं रेकॉर्डरसाठी सेल पाठवले, आणि सोबत चिठ्ठी, की कार्यक्रम मध्येच बंद पडला तर मला झोप येणार नाही.

आता यांचे आभार कसे मानायचे? त्यात काय, मी म्हणालो, हा तर माझा प्रांत. तुमच्या मागच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून आपण दोरीवर गोधड्या टांगायचो तिथे उभा राहिलो आणि माझ्या खास आवाजात पुकारून दाखवलं. तुम्ही आधी पोट धरून हसलात. मग डोळे पुसलेत आणि म्हणालात, नाही. रक्कम सांगायची नाही. जास्तवाला आधी, कमीवाला नंतर, असंही नाही.

“मंग लोक देतीन काहून?” मी म्हणालो. “म्या इतकी वर्षं पाह्यलं ताई. माईकवर आपलं नाव ऐकू येते म्हूनच अर्धी दुनिया देते.”

“ज्यानं पन्नास देल्ले, त्यानं माईक आयकून मान खाली घालाव काय?”

या भांडणाचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. मी अजूनही म्हणतो की जास्त देणाऱ्याला जास्त मान दिला तर त्यात पाप नाही. पण तुम्ही जे केलंत ते मला जन्मात सुचलं नसतं. तुम्ही देणाऱ्या प्रत्येकाला फोन करायला लागलात. आभाराचा नव्हे, नुसता विचारपुशीचा. आत्ता काय करून राहिले, दारासमोर काय आहे, जेवण झालं काय. आणि मग नावं वाचायच्या ती अशी: “रफीकभाई, परतवाड्याचे, त्यांच्या गॅरेजपुढच्या कडुनिंबावर यंदा बगळे आले. आशाबाई, सोयाबीन सोंगून वावरातून आत्ताच घरी आल्या, पाय दुखून राहिले त्यांचे.” बस. तूर पाठवणारा आणि सेल पाठवणारी एकाच सुरात. लोक मुलाखत सोडून शेवटची नावं आधी ऐकायला लागले. कुणाच्या कडुनिंबावर बगळे आले हे बाळापुरातल्या माणसाला कळून काय करायचं, पण तो मला बाजारात थांबवून विचारायचा, की आशाबाईचे पाय बरे आहेत का? मला काय माहीत!

बियाण्या-औषधांच्या एका मोठ्या दुकानदारानं वर्षाचा सगळा खर्च देऊ केला, फक्त त्याचं नाव सुरुवातीला आणि जरा कौतुकानं घ्यायचं. तुम्ही त्याला दोनदा चहा पाजलात आणि एकदाच नाही म्हणालात. तो गेल्यावर मी तुमच्याशी भांडलो. पण बसमध्ये शेजारच्या माणसाला, ओळख ना पाळख, ती गोष्ट मी छाती फुगवून सांगितली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

गेल्या काही महिन्यांत तुमचं दुखणं वाढलं. दवाखान्यात भरती झालात त्या आठवड्यात भाग जायचा होता. तुम्ही वही माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, “जसं लिहिलं तसंच वाचजो.” त्यात वरूडकडच्या एका बाईचं नाव होतं. ते मी इथे लिहिणार नाही. तिनं कोंबड्यांच्या अंड्यांतून साठवलेले पैसे पाठवले होते आणि पुढच्या भागात ती स्वतः बोलणार होती. तिच्या नावापुढे तुमच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: नाव नको, घरी माहीत नाही.

मी ते वाचलं, ताई. दोनदा वाचलं. वाचायचं राहून गेलं असं नाही. पण मी लग्नांत वाढलेला माणूस. आहेर देताना शंभरातले नव्वद म्हणतात, “नाव कायले घेता बाप्पा, राहू द्या.” आणि मग जाऊन उभे राहतात कर्ण्याच्या खाली. एखाद्याचं खरंच ऐकून नाव गाळलं, तर तो माणूस तीन वर्षं बोलत नाही. मला वाटलं, बिचारी बाई भिडेपोटी म्हणते. आयुष्यात कुणी तिचं नाव माईकवर घेतलं नसेल, आपण घेऊ. आणि मी घेतलं. नावासकट, गावासकट, ‘खास आभार’ लावून, दोनदा.

वरूडहून तिच्या गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये कुणाच्या तरी मोबाईलवर तो भाग चालू होता आणि त्याच जीपमध्ये तिचा नवरा बसला होता. यंदा त्यांच्या संत्र्याची फळगळ झालेली. पुतण्याच्या लग्नात त्यानं घरात काही नाही म्हणून हात आखडला होता, आणि आता भाऊबंदांच्या मांडीला मांडी लावून बसलेला असताना त्याच्या बायकोचं दान त्याच्या कानावर आलं. लोक हसले. घरी जाऊन त्यानं तिचा फोन काढून घेतला. तुम्ही तिला मुलाखतीचा दिवस विचारायला फोन लावलात तेव्हा तो त्यानं उचलला, आणि तुम्हाला सगळं कळलं.

दवाखान्यातून सुटलात त्याच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही वरूडच्या बसमध्ये बसलात. मी नको म्हणत होतो. तुम्ही ऐकलं नाही. अंगणात तो माणूस क्रेटमध्ये उरलीसुरली संत्री निवडत होता. त्यानं बसा म्हटलं नाही.

“आमच्या घरचं नाव चार लोकांत काहून घेतलं?”

तुम्ही उभ्यानेच म्हणालात, “चूक माही आहे, भाऊ. तुमच्या घरच्या बाईनं नाव घेऊ नका म्हून सांगतलं होतं. म्याच याले म्हटलं, घे. थो बिचारा वाचून मोकळा झाला.”

मी तिथेच होतो. खांद्यावर रेकॉर्डरची बॅग होती, तिच्या पट्ट्याशी चाळा करत होतो. मोठ्या आवाजाचा माणूस मी, हजार लोकांच्या मंडपात कधी अडखळलो नाही, आणि त्या अंगणात मला “नाही, मी घेतलं” एवढे तीन शब्द बोलता आले नाहीत. ती बाई दारात उभी होती. तिनं तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तुम्ही पैसे परत देऊ केलेत. ती म्हणाली, “नाई. माहे होते, देल्ले.” नवऱ्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा संत्री निवडायला लागला.

परतीच्या बसमध्ये मी “ताई” म्हणालो. तुम्ही म्हणालात, “पाणी दे.” मी बाटली दिली. तुम्ही दोन घोट प्यालात आणि डोळे मिटून घेतलेत. एवढंच. रागावला असतात तर बरं झालं असतं. नंतर तुम्ही पुन्हा दवाखान्यात भरती झालात, तिथे मी तुम्हाला तीनदा भेटलो आणि तिन्ही वेळा नव्या केबलच्या भावाबद्दल बोललो. तुम्ही ऐकून घेतलंत. मी स्वतःहून बोलेन म्हणून तुम्ही वाट पाहत होतात, हे मला कळत होतं. कळत असून मी केबलबद्दल बोललो.

तुम्ही गेल्यावर दहाव्या दिवशी मी एकटा वरूडला गेलो. दोघंही घरी होती. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, नाहीतर बसलो की धीर गेला असता. “ताई खोटं बोलल्या. नाव घे म्हून त्यायनं मले सांगतलं नव्हतं. वहीत ‘नाव नको’ असं लिहिलं होतं. म्या वाचलं अन् तरीबी घेतलं.”

बाई म्हणाली, “मले ठाव होतं.”

“कसं?”

“ताईनं फोनवर तीन डाव सांगतलं होतं, नाव घेणार नाई म्हून. सांगून फिरणारी बाई होती काय ते?”

“मंग तवा बोलल्या काहून नाई?”

“तुमच्यासाठी तिनं आपल्यावर घेतलं. आजारी बाई, तिले माह्या दारात खोटी पाडू काय मी?”

मी ओट्यावर बसलो. नवऱ्यानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तो एवढंच म्हणाला, “जीपमदले लोक अजूनबी इचारतात.” मी हात जोडले. माफी मागितली. त्यानं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

निघताना मी बाईला विचारलं, आता मी काय करू ते सांगा. ती म्हणाली, “या महिन्यालेबी म्या पैसे देल्ले. यायले सांगून देल्ले. पण नाव घेऊ नका. आयकतो आमी.”

घरी येऊन तुमची वही उघडली. तीन दिवस फोन करत होतो. तुमच्यासारखं मला येत नाही, ताई. मी विचारायचो, दारासमोर काय आहे, तर लोक आधी विचारत, ताईला शेवटी फार त्रास झाला काय? आशाबाई तर मलाच विचारायला लागल्या, जेवले काय भाऊ, आवाज बसला तुमचा. मग घरातच दोरीवर गोधड्या टांगून त्यांच्यात उभा राहिलो आणि साध्या आवाजात वाचलं. रक्कम नाही, ‘खास’ नाही. वरूडवालीचं नाव यादीत जिथे आलं असतं तिथे पोचलो. पुढचं नाव घेतलं.

आज सकाळी तिचा आवाज आला मोबाईलवर, रेकॉर्ड करून पाठवलेला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. “आयकलं. आयतवारी या मशीन घेऊन. बोलीन मी. हेबी बसतो म्हणतात, त्यायलेबी काही सांगायचं आहे.”

ते मी चारदा ऐकलं, बायकोला ऐकवलं, आणि मग घरात एकटाच असल्यासारखा मोठ्यानं रडलो. त्या दोघांनी माझी चूक पदरात घेतली. पण माफी मला पहिल्यांदा तुमची मागायची होती. बसमध्ये मागायची होती. मी चुकलो, ताई. तुमचा शब्द होता तो, आणि मी माझ्या मोठेपणापायी तो मोडला. तुम्ही अंगात ताकद नसताना तिथवर आलात आणि माझ्या वाट्याचं ऐकून घेतलंत. माझ्यासाठी एवढं कुणी केलेलं नाही, हे तुम्ही ऐकू शकत होतात तेव्हा मी बोललो नाही.

आयतवारी जातोय. तो भाग सुरू होताना तुमचं नाव घ्यावं असं मला फार वाटतंय. तुम्ही नको म्हणाला असतात, मला खात्री आहे. या वेळी मी ऐकेन, ताई. फक्त एकदा नको म्हणा.